जांभळ्या जास्वंदीचा चोर

जास्वंदीचे संकर करता करता माझे केस पिकले, ते फुलांपेक्षा सहकाऱ्यांवर नजर ठेवून. म्हणून सगळ्यात लाडकं रोप मी डोंबिवलीला घरामागे लपवलेलं. त्याला पहिलंच फूल आलं, जांभळं आणि परातीएवढं! शेजारच्या कुंडीतलं दुर्मिळ झाडही त्याच दिवशी फुललं. याचे पराग त्याला लावायचे, तर हातात तेवढाच एक दिवस. जास्वंद संध्याकाळी मिटते. पहाटे फूल पाहिलं आणि आंघोळ उरकून ब्रश घेऊन गेलो, तर फांदी रिकामी!

नौपाड्यातला एक सहकारी आदल्या दिवशी 'सहज' चहाला आलेला. त्यालाच फोनवर असं झापलं, की कल्याणपर्यंत ऐकू गेलं असेल. मग त्याच्या घरी धडकायला म्हणून रिक्षा शोधत निघालो, तर सोसायटीच्या देवळात, गणपतीच्या मुकुटावर माझं फूल!

"हे कुणी तोडलं?"

"मी," शेजारच्या काकू म्हणाल्या. "देवाच्या फुलाला कुणी विचारतं का?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी ब्रशने पराग डबीत झाडायला लागलो.

"अहो, बाप्पाचं काय चोरताय?" काकू किंचाळल्या.

संकर साधला. पण अजूनही मी देवळात शिरलो, की काकू माझ्या हातांवर डोळे रोखूनच आरती म्हणतात.