पार्सलवरची सही कुणाची?

मंडळी, आजच घडलंय, लगेच लिहितेय.

मी जयपूरच्या विद्याधर नगरमधून जयपुरी रजया ऑनलाइन विकते. नाशिकच्या एका ताईंनी तक्रार केली होती की रजई पोचलीच नाही. ज्या साइटवरून पैसे येतात, तिने रक्कम अडवली आणि आज पाचपर्यंत माझ्याकडे पुरावा मागितला.

दुपारी स्कूटर काढून राजा पार्कच्या कुरिअरवाल्याकडे गेले. "मॅडमजी, डिलिव्हरी तो हो गई," म्हणत त्याने पावती दिली. खाली सही होती, 'वामन'! शेजारच्या सायबर कॅफेत पावती स्कॅन केली आणि रागाने लिहिलं, 'ग्राहक खोटं बोलतेय.'

साडेचार झाले होते. पाठवण्याआधी काय वाटलं कोण जाणे, ताईंना फोन लावला.

"मी खोटं बोलत नाहीये हो!" त्या चिडल्याच.

"मग वामन कोण? पार्सल घेताना त्यांनी सही केलीय."

पलीकडे पावलं वाजली. मग कपाट उघडल्याचा आवाज.

"माझे सासरे," त्या हळूच म्हणाल्या. "पार्सल इथेच आहे, कपड्यांखाली. ते म्हणतायत, मला काहीच माहीत नाही. अलीकडे ते असंच सगळं विसरतात. आम्ही म्हणायचो, वय झालं..."

पाचला दहा कमी असताना त्यांनी तक्रार मागे घेतली. मी माझं उत्तर पुसून टाकलं.

आता साइट विचारतेय, 'या ग्राहकाचा अनुभव कसा होता?' चौकोन अजून रिकामाच आहे.

तुम्ही काय लिहिलं असतं?