आगरदांड्याचा गुरुवार

गुरुवारी मी अजूनही मासळी खात नाही. त्यात देवाधर्माचं काही नाही. आमच्या घरी सातही दिवस कालवण शिजतं, आणि वार पाळायचा म्हटलं तर नवरा उपाशी झोपेल. पण गुरुवारी खाडीपलीकडून ताई यायच्या, त्या वार पाळायच्या आणि डब्यात तांदळाच्या भाकऱ्या नि वालाचं बिरडं आणायच्या. त्यांच्यापुढे सुकटीचा डबा उघडायची माझी छाती झाली नाही. आता ताई निवृत्त होऊन पनवेलला लेकीकडे राहतात, आमचा गुरुवारही बंद झाला, तरी त्या दिवशी मासळीचा घास घशाखाली उतरत नाही. घरचे हसतात. हसू देत.

मी विशेष शिक्षिका. आमच्या तालुक्याच्या साधन केंद्रात नोकरीला आहे. साधन केंद्र म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे शाळा की ऑफिस? धड शाळा नाही आणि धड ऑफिसही नाही. गावोगावच्या शाळांना स्वतःच्या बळावर जमत नाही ते पुरवायचं, हे आमचं काम. त्यातली ऐकू न येणारी मुलं माझ्या वाटणीला. हातांनी, ओठांनी, चित्रांनी, जमेल तसं त्यांना शिकवत मी वाडीवाडीवर फिरते. ताई पलीकडच्या तालुक्यात केंद्रप्रमुख होत्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळा त्यांच्या देखरेखीखाली. त्यांच्या तालुक्यातही माझ्यासारखीची जागा होती, पण कागदावर. नेमणूक घेऊन कोणीतरी यायचं, खाडी बघायचं, एसटीच्या वेळा विचारायचं आणि आल्या पावली परत जायचं.

ताईंच्या शाळांत अशी पाच मुलं होती आणि त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. मला तालुक्याची हद्द ओलांडून शिकवायला जायची परवानगी नव्हती. ताईंनी तोड काढली. बाई इकडे येऊ शकत नाहीत ना, मग पोरं तिकडे जातील. दर गुरुवारी त्या पाचही जणांना फेरीबोटीत घालून दिघीहून आगरदांड्याला आणायच्या. जेटीजवळ समाजमंदिराची एक खोली मागून घेतली होती, तीच आमची शाळा.

मी जेटीवर दिव्याच्या खांबाशी उभी राहायचे. बोट लागली की पुढचा लोखंडी रॅम्प कडकडत खाली यायचा, आणि त्यामागून आधी पोरांची डोकी दिसायची, मग ताईंची छत्री. पोरांना हेच बोटीतून दुसऱ्या बाजूने दिसायचं. रॅम्प पडला की समोर बाई. त्यांच्यात एक आठेक वर्षांची मुलगी होती, बापाची होडी होती, पोरगी भलती खट. तिने माझ्यासाठी एक खूण काढली. पंजा तोंडासमोर उभा धरायचा आणि पुढे आडवा पाडायचा. रॅम्प पडला, म्हणजे मी. ऐकू न येणाऱ्या मुलांत माणसाचं नाव असंच पडतं, आपलं आपण ठेवून चालत नाही. थोड्याच दिवसांत पाचही जण मला त्याच खुणेने हाक मारायला लागले. आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली, आवडलं ते हे एकच.

दुपारी पोरं अंगणात खेळायची आणि आम्ही दोघी समाजमंदिराच्या पायरीवर डबे उघडायचो. मीटिंगमध्ये ताई अगदी शुद्ध बोलायच्या. पायरीवर बसल्या की त्यांचं 'आहे' जायचं आणि 'हाय' यायचं. भाताची लावणी, सुनेचं डोहाळजेवण, कुठल्या शाळेची कौलं उडाली, सगळं त्यात यायचं. मी तापट. ऑफिसातल्या कोणावर तरी तोंड सोडायचे, त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, भाकरी खा आधी. मला त्या दुपारची आठवण येते. फार येते. आयुष्यात माणसं भेटतात पुष्कळ, पण आपल्याच कामाचं वेड असलेलं माणूस शेजारी बसून जेवतंय, हे सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग वरून तपासणी आली. आलेले गृहस्थ वाईट नव्हते, पण एका तालुक्याच्या पगारावर दुसऱ्या तालुक्याची मुलं कशी शिकतात, हे त्यांना कळेना. मी म्हटलं, तुम्हाला खाडी दिसते का? त्यांना ती दिसत होती. नियमात मात्र खाडी नव्हती. पुढच्या आठवड्यापासून बंद करा, म्हणाले, आणि बंद झालं.

पहिल्या गुरुवारी ताईंचा फोन आला. ती खट पोरगी दप्तर घेऊन दिघीच्या जेटीवर येऊन उभी होती. बोट निघाली तशी बोटीकडे बघून माझी खूण करत राहिली. आई ओढून घरी घेऊन गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच फोन. फोन ठेवल्यावर मी रडले, त्यात लपवायचं काय.

ताई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. प्रशिक्षणांना गेल्या की त्यांची एक रीत होती. जेवणाच्या सुट्टीत ओळखीच्या टेबलावर कधी बसायच्या नाहीत. ताट घेऊन सरळ अनोळखी माणसासमोर जायच्या आणि भात कसा आलाय तिकडे, असं विचारायच्या. मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. आता त्याचा उपयोग कळला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात त्यांच्या ओळखीचं एक तरी माणूस निघालं, आणि प्रत्येकाच्या वाटेत एक खाडी नाहीतर एक डोंगर आडवा होता. ताईंनी मोबाईलवर सगळ्यांचा ग्रुप केला. तक्रारींचा पाऊस सुरू झाला. पगार उशिरा होतो, प्रवासभत्ता मिळत नाही, बसायला खुर्ची नाही. मी त्यात सर्वांत पुढे होते.

ताईंनी सगळ्यांना दामटलं. रडगाणी दहा असली की ऐकणारा एकही ऐकत नाही, म्हणाल्या. सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं, त्यात काना-मात्रेचा फरक नको. मग त्या एका वाक्यावरून महिनाभर भांडणं. शेवटी ठरलं: शेजारच्या तालुक्यांना एक विशेष शिक्षक वाटून घेता यावा. बस्स. जिल्ह्याच्या बैठकीत तेच, सभापतींकडे तेच, आमदार गावात आले तर त्यांच्या गाडीच्या काचेशी तेच. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात एका पुढाऱ्याला गाठून मी ते वाक्य ऐकवलं. जाऊबाई अजून त्यावरून बोलून दाखवतात.

एकदाचं मंत्रालयातून बोलावणं आलं. आम्ही पाच तालुक्यांची पाच माणसं किहीमला एका सहकाऱ्याच्या वाडीत चहाला जमलो आणि तिथून मांडव्याची लाँच धरली. रस्त्यात ताईंनी पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली. मी म्हटलं, ताई, साहेब काय कांद्यावर सही करणार आहेत? रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जाऊ नये, म्हणाल्या. गेटवेला उतरून ती माळ खांद्यावर टाकून त्या अशा चालत होत्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब तरुण होते आणि नवल म्हणजे ऐकत होते. कांदे त्यांनी हात जोडून नाकारले. आमचं वाक्य आम्ही पाचही जणांनी म्हटलं. त्यांनी आमच्या तालुक्यांच्या मंजूर जागा विचारल्या, फाईल चाळली आणि म्हणाले, जागा मंजूर आहेत, मग अर्धा शिक्षक का मागता? किनाऱ्यावरच्या रिकाम्या जागा खास भरती करून भरायचा प्रस्ताव मी वर पाठवू शकतो. माणूस तिथलाच घेऊ, म्हणजे टिकेल. मात्र तसं झालं तर वाटून घ्यायची परवानगी मिळणार नाही. दोन्हींपैकी एकच मागा.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांना पूर्ण शिक्षक मिळाला की माझी गरज संपली, हे कळायला हुशारी लागत नव्हती. त्यांनी थोडा वेळ घ्यावा, निदान एकदा माझ्याकडे बघावं, असं मला वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही.

"पूर्ण द्या, साहेब," ताई म्हणाल्या.

परतीच्या लाँचवर मी फुगून बसले होते. ताईंनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली, मी घेतली नाही. पुडी त्यांनी पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "अर्धी भाकरी मागायला गेलो व्हतो, बाई. समोरचा अख्खी देतोय, त्याला न्हाय कसं म्हणू?"

"आणि आपला गुरुवार?" मी विचारलं.

"त्याचं मला काय वाटत न्हाय, असं वाटतं व्हय तुम्हाला?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मांडवा येईपर्यंत त्यांनी पदर डोळ्यांवरून काढला नाही. उतरताना कांद्याची माळ माझ्या हातात दिली. ती मी स्वयंपाकघरात टांगली, आणि कांद्यांना कोंब फुटून ते कुजून गेले तरी एकही चिरला नाही.

ऑर्डर निघाली. दुसऱ्या कोणत्या मागणीचं इतकं चांगलं झालेलं मी पाहिलं नाही. पलीकडच्या तालुक्यात ताईंच्याच गावाकडची एक तरुण शिक्षिका आली आणि टिकली. पाचही मुलांना रोजची शाळा मिळाली. ताईंनी वर्षभर ते डोळे भरून पाहिलं आणि त्या निवृत्त झाल्या. आमचे फोन होतात. या एकदा पनवेलला, त्या म्हणतात. येते, मी म्हणते. पण पनवेलच्या सोफ्यावर बसून आम्ही दोघींनी बोलायचं काय? आमचं बोलणं त्या पायरीवरच व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात त्या नव्या शिक्षिकेने मला बोलावलं. मॅडम, आमचा वर्ग बघायला या. हद्द ओलांडायची रीतसर परवानगीसुद्धा तिने काढून ठेवली होती. मी पहिल्यांदाच बोटीने दिघीला गेले, तीही पाहुणी म्हणून. वर्ग सुंदर होता. भिंतभर चित्रं, नवी चिमुरडी पोरं, मला त्यातलं कोणी ओळखत नव्हतं. माझी खट पोरगी आता मोठ्या शाळेच्या वसतिगृहात असते.

एका लहानग्याला पेन्सिल हवी होती. त्याने बाईंकडे बघून पंजा तोंडासमोर उभा धरला आणि पुढे आडवा पाडला. मी खुर्चीत तशीच राहिले.

"ही माझी खूण," शिक्षिका हसत म्हणाली. "मी आले त्या दिवसापासून पोरं मला हीच हाक मारतात. मोठ्यांकडून लहानांनी उचलली. अर्थ काय ते मात्र मला अजून कळलेलं नाही."

तिच्या तोंडावर इतका आनंद होता. छान आहे, मी म्हटलं. तेवढ्यात त्या लहानग्याने माझ्याकडे बोट दाखवून, ही कोण, असं तिला विचारलं. तिने हातांनी सांगितलं, पाहुण्या. त्याने मला नमस्कार केला आणि पेन्सिल घेऊन तो पळाला.

बोटीत बसल्यावर ताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तिला सांगितलं न्हाय ना?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "जेवलात का?"

आज गुरुवार आहे, मी म्हटलं.

आगरदांडा आलं. मी पोरांसारखी पुढे जाऊन उभी राहिले. रॅम्प कडकडत खाली गेला. समोर एक टेम्पो आणि दोन मोटारसायकली बोटीत चढायला थांबल्या होत्या. दिव्याच्या खांबाशी कोणी उभं नव्हतं.