आतोबांचा ओटा

परमेश्वराने सृष्टी निर्माण करण्याआधी आमच्या आतोबांचा सल्ला घेतला असता, तर सृष्टी अजून व्हायचीच राहिली असती. पण जेव्हा केव्हा झाली असती, तेव्हा तिच्यात एकही डास नसता आणि झाडावरचा प्रत्येक आंबा गोड निघाला असता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. किहीमला नारळी-पोफळीची वाडी, सहा फुटांना दोन बोटं कमी अशी सडसडीत उंची, आणि पारखल्याशिवाय कुठलीही वस्तू घ्यायची नाही हे आयुष्यातलं एकमेव व्रत. काड्यापेटी घ्यायला गेले तरी दुकानातच चार काड्या ओढून बघत, आणि त्यातली एक जरी सर्दावलेली निघाली तरी पायऱ्या उतरून दुसऱ्या वाण्याकडे जात. छत्री घेताना स्वतः ती उघडून उभे राहत आणि दुकानदाराला वरून बादलीभर पाणी ओतायला लावत. "पावसात फसलो तर माझं धोतर पिळायला तुम्ही येणार आहात का?" असं वर विचारत. अलिबागच्या बाजारात त्यांना लांबून येताना पाहून एक दुकानदार जेवायला घरी निघून जात असे, मग सकाळचे नऊ का वाजलेले असेनात.

अशा माणसाच्या हाती स्वयंपाकघर नवं करण्याचं काम आलं, याला कारण आत्याचे गुडघे. जन्मभर चुलीपुढे पाटावर बसून रांधलेलं. आता एकदा बसली की खांबाला धरून, "अगो बाई" म्हणत, दोन टप्प्यांत उठायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "खाली बसणं बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल." स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्याकडे उभ्याने स्वयंपाक करणं ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पण आतोबांनी मनावर घेतलं. चूल जाऊन स्टोव्ह येणार, ओटा बांधणार आणि सगळं सामान असं आणणार की पुन्हा म्हणून बघायला नको. "तुझे गुडघे सांभाळायचे म्हणजे सांभाळायचे," असं त्यांनी जेवताना आत्याला बजावलं. आत्या म्हणाली, "ताक वाढू?"

आता शहाण्या माणसाने आधी सामान आणलं असतं आणि मग जुनं मोडलं असतं. आतोबांनी आधी पंचांग काढलं. पाडकामाला असा काही दिवस निघाला की पुढच्या चार महिन्यांत तसा दिवस नव्हता. हाती आलेला मुहूर्त सोडायचा कसा? दुपारपर्यंत चूल, वैल, कोनाडे सगळं जमीनदोस्त झालं. दुसऱ्या दिवसापासून आत्या मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर, म्हणजे पूर्वीपेक्षाही वीतभर जास्त वाकून, रांधू लागली. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," आतोबा म्हणाले. ते आठ दिवस सव्वा वर्ष चालले.

मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो. महिन्या-दीड महिन्याने आतोबा रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरत आणि मला बरोबर घेऊन दुकानं पालथी घालत. स्टोव्हच्या दुकानात त्यांनी पिशवीतून पातेलं आणि धुतलेले तांदूळ काढले नि म्हणाले, "शेठ, जरा भात टाका."

शेठ गुजराती. तो आधी हसला, मग चिडला. "काका, हे दुकान हाय, खानावळ नाय!"

"भात होतो की नाही हे बघितल्याशिवाय स्टोव्ह घ्यायचा कसा?" आतोबांनी इतक्या निरागसपणे विचारलं की शेठने शेवटी भात टाकला. भात उत्तम झाला. नोकरांनी खाल्ला, शेठनेही चाखला आणि मोठ्या आशेने विचारलं, "मग बांधू?"

"भाताला नाव ठेवायला जागा नाही," आतोबा म्हणाले, "पण हा आवाज फार करतो. ही काही बोलली तर मला ऐकू यायला नको?" आत्या गेल्या चाळीस वर्षांत 'ताक वाढू' याच्या फारसं पुढे गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण मी रस्त्यावरच्या ट्राम बघत उभा राहिलो.

जाळीच्या कपाटाची परीक्षा तर मी कधी विसरणार नाही. आतोबांनी कपाटात गुळाचा खडा ठेवला, पायांखाली पाण्याच्या वाट्या मांडल्या आणि खिशातून एक काड्यापेटी काढली. तिच्यात मुंग्या होत्या. "घरच्याच आणल्यात," ते दुकानदाराला समजावून सांगू लागले, "मुंबईच्या मुंग्यांचा भरवसा देता येत नाही." पण किहीमच्या मुंग्या लाँचच्या प्रवासाने बिथरल्या असाव्यात. त्या गुळाकडे ढुंकूनही न बघता दुकानदाराच्या बाहीत शिरल्या. आम्हाला फार लवकर बाहेर पडावं लागलं. पाट्यासाठी ते माणगावच्या बाजारापर्यंत गेले, पाच पाट्यांवर चटणी वाटून घेतली आणि पाचही चटण्या डोळे मिटून दाताखाली धरून पाहिल्या. दोन पाटे कचकचले, एक "मनातून खडबडीत" निघाला, आणि उरलेल्या दोहोंत निवड होईना म्हणून ते हात हलवत परत आले.

श्रावणात मी किहीमला गेलो, तेव्हा आत्या पडवीत झावळ्यांच्या झापांआड रांधत होती. भात उतरवून ती उठली. खांबाला धरलं, अर्धी उभी राहिली आणि कळ ओसरेपर्यंत डोळे मिटून तशीच थांबली. माझं डोकं फिरलं. मी तडक ओटीवर जाऊन म्हणालो, "आतोबा, आता पुरे झालं. कुठलाही स्टोव्ह आणा!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठलाही? तिच्यासाठी कुठलाही आणू?"

मायेचा हा प्रकार मला तेव्हा कळला नाही. मला त्यांचा रागच आला आणि दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

अखेर दिवाळीनंतर सामान जमलं. बिनआवाजाचा वातींचा स्टोव्ह, मुंग्यांनी मान्य केलेलं कपाट, कचकच न करणारा पाटा. ओटा बांधायला जवळच्या पाड्यावरचा आगरी गवंडी आला. तो डोकं खाजवत म्हणाला, "आबा, कवरा उंच करू? आमच्यात उभ्यानं कोनी रांधीत न्हाय, मना काय ठावं?"

"माप तयार आहे," आतोबा म्हणाले. सव्वा वर्षात त्यांनी मुंबईतल्या दुकानांची फळकुटं, टपालाच्या खिडक्या, इराण्याची संगमरवरी टेबलं, सगळं टेपने मोजून ठेवलं होतं. मग स्वतः भिंतीशी उभं राहून, कोपर वाकवून त्यांनी ते माप पडताळून पाहिलं. ओटा बांधला गेला. वर काळीभोर फरशी बसली. नारळ फोडला. नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू घालवायचं, म्हणून शेजारपाजारच्या बायका जमल्या. खरं म्हणजे बाई उभ्याने रांधते कशी, हे बघायलाच आल्या होत्या.

आत्या नवं लुगडं नेसून ओट्यापाशी आली आणि ओटा तिच्या गळ्यापाशी आला. वर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं. आत्याची नजर पातेल्याच्या बुडाच्या वर जाईना.

"तापलं का गो दूध?" आतोबांनी उत्साहाने विचारलं.

"मला काय दिसतंय! तुम्हीच सांगा," आत्या म्हणाली.

सगळं घर खो खो हसलं. आत्याही हसली. मग तिने एकावर एक असे दोन पाट मांडले, ओट्याची कड धरली आणि दुखरा पाय उचलून वर चढली. दूध उतू गेलेलं बघून, "अगो बाई" म्हणत, ती दोन टप्प्यांत खाली उतरली. हसणं थांबलं. आतोबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते पुढे झाले, एक कोळसा उचलला आणि आत्याला म्हणाले, "भिंतीशी उभी राहा." तिच्या कोपराशी त्यांनी एक रेघ ओढली. मग मागे सरून त्या रेघेकडे आणि तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"तू एवढीच आहेस गो?"

"एवढीच होते की," आत्या म्हणाली. "तुम्ही घरात आलात की मी आपली चुलीपुढे. तुम्ही मला बसलेलीच बघितलीत."

त्याच संध्याकाळी त्यांनी गवंड्याला निरोप धाडला. तो येऊन कुरकुरला, "उद्या अवस हाय आबा, अवसेला आमी हत्यार लावीत न्हाय."

"मग मी लावतो," आतोबा म्हणाले. काड्यापेटीला तीन दुकानं फिरणाऱ्या माणसाने पंचांग न उघडता, ऐन अमावास्येला स्वतःच्या हाताने ओट्याची फरशी उचकटली. गवंडी बिचारा लाजेने दुसऱ्या दिवशी सकाळीच थापी घेऊन हजर झाला. ओटा रेघेबरहुकूम खाली आला.

आत्याने त्या ओट्यावर आठ-नऊ वर्षं स्वयंपाक केला, उभ्याने आणि सुखाने. ती जाऊन आता दोन वर्षं झाली. तिच्यामागे मुलाचं लग्न होऊन घरात आलेली सून चांगली उंच आहे. तिला तो ओटा फार खाली पडतो, स्वयंपाक करून पाठ धरते. परवा मी गेलो, तेव्हा तिने माझ्यासमोरच विषय काढला, "बाबा, गवंड्याला बोलावून ओटा जरा चढवून घेऊ या का?"

"तू बस, चहा मी करतो," आतोबा म्हणाले. ते हल्ली दुपारचा चहा स्वतःच करतात. ऐंशीला टेकलेला तो उंच माणूस कंबरेत पार वाकून स्टोव्हच्या वाती सारख्या करू लागला. मी उठून म्हणालो, "आतोबा, सरका, मी करतो. तुमची पाठ जाईल."

"जाऊ दे," ते वाकूनच म्हणाले. "माप बरोबर आहे."

सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला आत्याची फार आठवण आली. आतोबांनी मला कप दिला, स्वतःचा घेतला आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्यानेच चहा प्यालो.