थेट प्रक्षेपण, भिंगारहून

मी भिंगार सोडलं तेव्हा सहा शिल्लक होते.

हा अण्णांचा हिशेब, म्हणजे माझ्या वडिलांचा. भाड्याची जीप दारात सुरू होऊन उभी होती, आई डोळ्यांना पदर लावून माझ्या पिशवीत चकल्यांचा तिसरा डबा कोंबत होती, आणि अण्णा कानाशी ट्रान्झिस्टर धरून ओट्यावर उभे होते. गल्लीत लाईट गेलेली, त्यामुळे टीव्ही बंद. मी पाया पडलो. आता ते काहीतरी बोलतील, निदान नीट राहा म्हणतील, असं वाटलं. त्यांनी ट्रान्झिस्टर कानापासून दूर केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सहा हायेत अजून. जा तू."

त्याआधी तासभर तरुण मंडळाने माझा सत्कार केला होता. शाल, नारळ, बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर. मंडळाच्या अध्यक्षांनी मी भिंगारचा झेंडा अमेरिकेवर फडकवणार असल्याचं जाहीर केलं. माझी नेमणूक ओहायो राज्यातल्या एका छपाईयंत्रांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करण्यासाठी झाली होती. झेंड्याचा उल्लेख नेमणूकपत्रात कुठेही नव्हता. पण टाळ्या जोरात पडल्या आणि मीही मान खाली घालून उभा राहिलो, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं हे कुणी शिकवत नाही.

अण्णा, म्हणजे गल्लीचे साळवेसाहेब, भिंगारला लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. बूट, कंदील, तंबूच्या खुंट्या, घोंगड्या. त्यांचं मूळ गाव नेवाशाकडचं. बोली त्यांनी तिथून आणली आणि शिस्त डेपोतून. माल किती गेला हे कुणीही सांगतं, शिल्लक किती ते सांगा, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी क्रिकेटलाही लावला. रेडिओवरचा माणूस पाच बाद म्हणाला की अण्णा घरात जाहीर करायचे, "पाच हायेत." सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लागलेला असताना अण्णांचं आपलं चालू, "तीन हायेत की." संघ हरायचा तेव्हा मात्र ते काही न बोलता आंघोळीला जायचे, मग वेळ कुठलीही असो.

एरवी ते फार बोलत नसत. माझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी फक्त मान हलवली होती. पण मॅच असली की मी कॉलेजातून आल्याआल्या चपला काढायच्या आत ते स्कोअर सांगत. त्याला जोडून दुसरंही काही सांगून टाकत: जेवून घे, मामाचं पत्र आलंय, बारवेला पाणी नाही. आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी स्कोअरच्या पाठीवर बसूनच आल्या.

मी जाण्याच्या काही वर्षं आधी भिंगारला केबल आली, तिचं उद्घाटन मी विसरणं शक्य नाही. मंडपवाल्याने मंडपाचा धंदा थोडा बाजूला सारून रेशनच्या दुकानाच्या गच्चीवर भली मोठी तबकडी बसवली होती. तिला हार घातला. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या एका सभासदाने फीत कापली आणि आजपासून जग भिंगारच्या उंबऱ्यावर उभं आहे असं सांगितलं. मग रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर एक परदेशी बाई गुलाबाची छाटणी कशी करावी ते दाखवत होत्या. लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या. तेवढ्यात लाईट गेली आणि जग उंबऱ्यावरूनच परत फिरलं. अण्णांचा केबलला विरोध नव्हता. तिची तार आमच्या कपड्यांच्या दोरीला घासून गेली होती, तेवढीच त्यांची तक्रार.

ओहायोत माझ्या भाड्याच्या खोलीतही केबल होती. चॅनेल मोजता येणार नाहीत इतके. त्यांत मासे पकडण्याचा एक होता, आणि तोही खेळांत धरला जात होता. क्रिकेट मात्र कुठेच नव्हतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे माहीत आहे: परक्या देशात माणूस एकटा पडतो तो भाषेमुळे किंवा थंडीमुळे नव्हे. आज मॅच आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नसतं, तेव्हा तो एकटा पडतो.

ही अडचण अण्णांनी सोडवली. आमच्या घरी फोन नव्हता. नंबर लावून वर्षं झाली होती. पण कोपऱ्यावर सलीमभाईंचा पिवळ्या पाटीचा पीसीओ होता आणि तिथे केबलचा टीव्हीही होता. मॅच असली की अण्णा तिथल्या बाकावर बसून ती शेवटपर्यंत बघत आणि संपली की काचेच्या खोक्यात शिरून मला फोन लावत. माझ्याकडे तेव्हा सकाळ असायची. फोन जेमतेम मिनिटभराचा.

"जिंकलो. चार शिल्लक ठिवून. आईचा गुडघा बरा हाय. लोणचं अर्धी बरणी हाय, तू आसतास तर संपलं आसतं. ठिवतो."

एवढंच. पण त्यावर माझा आठवडा निघायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कारखान्यातल्या सुब्बूने, म्हणजे मद्रासच्या माझ्या एका सहकाऱ्याने, मला इंटरनेटवर क्रिकेट दाखवलं. आधी नुसते आकडे, तेही पान पुन्हा पुन्हा उघडून. मग आवाज. आणि एके दिवशी चक्क चित्र! पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यात पांढऱ्या मुंग्यांसारखे काही ठिपके हिरव्यावर हलत होते, थांबत होते, मध्येच चौकोन चौकोन होऊन विरघळत होते. सुब्बूने खुर्ची मागे सारली आणि गृहप्रवेशाला आलेल्या पाहुण्यांना घर दाखवावं तसा हात केला. "लाइव्ह," तो म्हणाला. मी त्याच आठवड्यात मोडेम घेतला.

पुढच्या रविवारी घरी बसून मी पहिली अख्खी मॅच अशी पाहिली. पाहिली म्हणजे तिकिटाला नाक लावून बसलो. आपण जिंकलो, मी एकटाच ओरडलो, शेजारच्या म्हातारीने भिंतीवर थाप मारली. अण्णांचा फोन आला नाही हे मला मॅच संपून अर्धा तास झाल्यावर जाणवलं. कारण उघड होतं. खोलीत फोनची तार एकच, आणि ती पहाटेपासून कॉम्प्युटरने अडवलेली.

मी पीसीओवर फोन केला तेव्हा सलीमभाईच बोलले. "काय रे बाबा, कुनाशी येवढं बोलत हुतास? साळवेसाहेब खोक्यात उभे राहून राहून थकले. मी म्हनलं, साहेब, पोरगी बिरगी भेटली आसंल, सोडा आता."

मग अण्णा आले; उशीर झाला म्हणून आईही त्यांना शोधत तिथे आली होती. मी त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं: इंटरनेट, मोडेम, तिकिटाएवढं चित्र. "आता मला इथेच थेट दिसतं, अण्णा. तुम्ही उगाच पीसीओवर ताटकळू नका."

 "बरं झालं," अण्णा म्हणाले. "आईला देतो."

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. यात रुसवा नव्हता; अण्णांना रुसायला जमत नसे. ज्या मालाची गरज नाही तो कशाला पाठवायचा, असा साधा डेपोचा हिशेब. मी दर रविवारी ठरलेल्या वेळी पीसीओवर फोन करायचो, दोघं तिथे येऊन बसलेली असायची; ते "बरा हायेस ना?" विचारून फोन आईकडे द्यायचे. तिकिटाएवढ्या चित्रात मी मॅचमागून मॅच पाहत होतो. स्कोअर मला भिंगारइतकाच लवकर कळत होता आणि भिंगारचं दुसरं काहीच कळत नव्हतं.

एका रविवारी आई सहज म्हणाली, "घरी बसून बसून ह्यांचं डोकं फिरायची येळ आली बघ."

"घरी का? डेपो?"

"आरं, रिटायर झाले न्हाई का. दोन महिने झाले. शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, सायबाचं भाषन झालं. तुला म्हाईत न्हाई?"  आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या दोघांत बोलायला काई उरलंच न्हाई का रे?"

मी फोन ठेवला. अण्णा रिटायर झाल्याचं कुठल्याही पानावर आलं नव्हतं. त्यांना ते सांगायला एखादी मॅच लागली असती, आणि मॅचची बातमी मी त्यांच्याकडून काढून घेतली होती.

पुढच्या मॅचला इंटरनेट स्वतःहून मदतीला आलं. शेवटची षटकं, जिंकायला थोड्याच धावा, आमचे दोन शिल्लक. गोलंदाज धावत आला, उडी घेतली, हात वर गेला आणि चित्र थांबलं. हात वरच. आवाज बंद. मी पान पुन्हा उघडलं, चहा करून आलो, कॉम्प्युटरच्या पाठीवर थापटलं. अमेरिकेतल्या समस्त यंत्रणेला तो एक हात खाली आणता येत नव्हता. मी मोडेमची पिन काढली, ती फोनला लावली आणि सलीमभाईंचा नंबर फिरवला.

"अण्णा आहेत का तिथे?"

"मंग कुठं आस्नार? साहेब! अमेरिका!"

अण्णा आले. मी घाईने म्हणालो, "अण्णा, इथे सगळं अडकलंय. गोलंदाजाचा हात वर गेलाय, तो खालीच येत नाही. पुढे काय झालं?"

ते हसले. अण्णांना फोनवर हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "येवढी तुमची अमेरिका, आन् येक हात खाली घेता यीना व्हय? कवाच आला की खाली. बॉल सोडला त्यानं. दोन हायेत अजून. थांब आता, ठिवू नगंस, मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. प्रत्येक चेंडू. मधल्या वेळात कोण रुमालाने घाम पुसतोय, कॅप्टनचं तोंड कसं वाकडं झालंय, बाकावरच्या गवळ्याने घाबरून डोळे कसे मिटलेत. सलीमभाई मागून ओरडत होते, "साहेब, चौका सांगा ना, चौका!" आणि अण्णा त्यांना दटावत होते, "सांगतोय न्हवं? लायनीनं येऊ द्या." आम्ही एक शिल्लक ठेवून जिंकलो.

जिंकल्यावर फोन संपायला हवा होता. अण्णांनी तो ठेवला नाही. "डेपो सुटला माझा," ते म्हणाले.

"आई बोलली."

"दुपारचं काय करावं कळत न्हाई बघ. चार वाजले की हात किल्ल्या शोधतो."

 मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "मग आता शिल्लक काय, अण्णा?"

त्यांनी नेहमीसारखा नीट विचार केला. "हाय की. तुझी आई हाय. रेडिओ हाय. पुढल्या म्हैन्यात मॅची हायेत." आणि मग, "आन् तुमचं ते अडकतं. ते बरंय."

त्यानंतर ते प्रत्येक मॅचला, शेवट जवळ आला की, अडकत राहिलं. पहिल्या वेळी खरंच अडकलं होतं, एवढंच मी इथे लिहून ठेवतो.

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. सलीमभाईंच्या पीसीओच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. आई नाही. अण्णांनी पंच्याऐंशी ओलांडली. ते घरी खुर्चीत बसून केबलवर मॅच बघतात आणि जवळ मोबाईल ठेवतात. माझ्याकडे भिंतीएवढा पडदा आहे, चेंडूची शिवणसुद्धा दिसते. फक्त ते सगळं इंटरनेटवरून येतं म्हणून त्यांच्या टीव्हीच्या थोडं मागे असतं. तिकडे विकेट पडते तेव्हा माझ्याकडे गोलंदाज अजून चेंडू पँटला पुसत असतो. माझी मुलगी वैतागते. "आजोबांना सांगा ना, मॅच संपल्यावर फोन करा. सगळी मजा जाते." तिला अजून कळायचंय. घर कुठे, असं मला अलीकडे कुणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. जिथली बातमी मला थोडी उशिराच कळते, आणि ती आधी सांगायची एका माणसाला घाई असते, ते घर.

परवाच्या मॅचला गोलंदाज धावत आला, हात वर गेला आणि फोन वाजला. मी रिमोटने चित्र थांबवलं. हात वरच राहिला.

"अडकलं का?" अण्णांनी विचारलं.

"अडकलंय, अण्णा."

"तीन हायेत," ते म्हणाले. "ठिवू नगंस."