पोटगीचा हुकूम आणि दक्षिणद्वाराचं पाणी

पोटगीचा हुकूम हातात पडला त्या दिवशी मी पेढे वाटले, आणि ती जरा घाईच झाली. वकीलसाहेब तेव्हाच म्हणाले होते, "बाई, हुकूम कोल्हापूरच्या कोर्टाचा आणि नवरा इंग्लंडात. आपला बेलिफ समुद्र ओलांडत नाही." मी एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. वाटेत अडकलेला माल सोडवून आणणं माझं रोजचं काम. मला वाटलं, हाही तसाच अडकलेला माल आहे, पाठपुरावा केला की सुटेल.

नवरा इंजिनिअर होता. मुलगी रांगत होती तेव्हा तो नोकरीसाठी तिकडे गेला. दोघींना लवकरच नेतो म्हणाला होता. आधी पत्रं यायची, मग नुसते फोन, मग तेही थांबले. मी मुलीला घेऊन माहेरी, शिवाजी पेठेत आईकडे आले. सासरी कुणाला दोष देत बसले नाही आणि तिकडची वाटही पुन्हा धरली नाही. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मात्र मी कोर्टात गेले. तिचं खाणंपिणं मी एकटीही भागवलं असतं. पण तिला बाप आहे आणि त्याची तिच्याबद्दल काही जबाबदारी आहे, हे कुणीतरी अधिकारानं सांगायला हवं होतं. कोर्टानं ते सांगितलं.

इंग्लंड आणि आपला देश यांच्यात अशा हुकमांची व्यवस्था आहे हे मला वकीलसाहेबांकडून कळलं. इथल्या हुकमाची शिक्क्याची नक्कल सरकारमार्फत तिकडे जाते, तिकडचं कोर्ट तो नोंदवून घेतं आणि माणसाच्या पगारातून वसूल करतं. "आखातात असता तर नुसता देव आठवायचा होता," वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटलं, "देव राहू द्या, नक्कल पाठवा."

देवाशी माझं भांडण नव्हतं, पण व्यवहारही नव्हता. ते खातं आईकडे होतं. ती दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची, आणि मी तिला एसटी स्टँडवर सोडून कामावर जायचे.

नक्कल मुंबई, दिल्ली करत लंडनला पोचली. उत्तर आलं ते मी वकीलसाहेबांच्या टेबलापुढे बसून दोनदा वाचलं. माझ्या नवऱ्यानं तिकडच्या कोर्टात सांगितलं होतं की हुकमात लिहिलेल्या नावाच्या बाईशी आपलं लग्न झालेलंच नाही. आपल्या बायकोचं नाव वेगळं, आणि तसे कागदही त्यानं दाखवले.

त्यातला एकही कागद खोटा नव्हता. आपल्याकडे लग्नात नव्या नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. त्या दिवशी मी माहेरच्या नावानं बोहल्यावर चढले आणि सासरच्या नावानं उतरले. (ती दोन्ही नावं इथे लिहीत नाही, त्यांचा पुरेसा गाजावाजा झाला आहे.) मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं सासरचं नाव होतं. पण माझी शाळा, नोकरी, रेशनकार्ड सगळं माहेरच्या नावावर, म्हणून दावाही त्याच नावानं लावला होता. कोल्हापुरात एकालाही यात काही वावगं वाटलं नाही, न्यायाधीशांनाही नाही. सगळ्यांच्या बायकांना दोन नावं होती! इंग्लंडातल्या कोर्टाला मात्र ही सरळ सरळ दोन माणसं दिसत होती.

मी स्वतः शपथपत्र दिलं. माहेरच्या माणसांनी दिलं. ती सगळी आपल्याच पोरीची बाजू घेणारी, असं त्याच्या वकिलानं म्हटलं. लग्न लावणारे भटजी वारले होते. फोटोंचा अल्बम सासरी होता आणि तो मिळण्याची आशा नव्हती. तिकडचं कोर्ट म्हणत होतं, नवऱ्याच्या बाजूचं, लग्नाला हजर असलेलं कुणीतरी शपथेवर सांगू दे. नवऱ्याच्या बाजूचं कोण त्याच्या विरुद्ध बोलणार? मुदत संपत आली होती. हुकूम नोंदला गेला नाही तर तिकडच्या कोर्टाच्या लेखी माझी मुलगी त्याची कुणीच नव्हती.

त्या पावसाळ्यात एका सकाळी आई दारातूनच ओरडली, "अगं, वाडीला दक्षिणद्वार झालंय! चल, आज न्हाय म्हणू नको." पुराचं पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लोक असतील तिथून धावतात. ते कधी होईल हे आधी सांगता येत नाही आणि पाणी चढलं की संपतंही. एरवी मी गेले नसते. पण त्या दिवशी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून गेले. आई, मी आणि मुलगी.

पाण्याला ओढ होती. बायकांच्या बाजूला दोर बांधला होता आणि तो सोडू नका असं स्वयंसेवक घसा फोडून सांगत होते. आईनं मुलीला पायऱ्यांवर आपल्याजवळ धरून ठेवलं. मी एका हातानं दोर धरून उतरले आणि दुसऱ्या हातानं पाणी डोक्यावर घेतलं. दोर सोडायचा माझा विचार नव्हता, एका हातानंही नमस्कार होतोच की. पण पादुकांवरून आलेलं ते पाणी कमरेशी लागलं आणि मला एकदम दमल्यासारखं झालं, इतक्या वर्षांचं सगळं. मनात म्हटलं, "महाराज, मला आता काही सुचत नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि दोन्ही हात कधी जोडले गेले ते कळलं नाही.

पाय सटकलाच. नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

"अगं वैनी! दोर सोडून हात जोडत्यात व्हय? देव काय पळून चाललाय?"

ती माझी धाकटी नणंद होती. शिरोळकडच्या एका गावात दिलेली, लग्नानंतर दोन-तीनदाच भेटलेली. तिचा मी विचारही केला नव्हता. भावाची लाडकी बहीण, ती काय बोलणार, असं मी परस्परच ठरवून टाकलं होतं.

पायऱ्यांवर आल्यावर तिनं मुलीला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. "ही तर आमच्या आईवर गेलीया की! नाक बघ, नाक!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा म्हणत हुता, तू फारकत घेऊन दुसरं लगीन केलंस. म्हणून मी भेटाय आले न्हाय."

मी ओल्या लुगड्यानंच तिला सगळं सांगितलं. रडले नाही, वेळ नव्हता. तिनं ऐकून घेतलं. नावाचा विषय आला तशी ती एवढ्या मोठ्यानं बोलली की आजूबाजूच्या बायका वळल्या.

"तुझं नाव? त्ये तर म्या ठेवलंय!"

मला हे माहीत नव्हतं. लग्नात ताट हातात धरून तीच बसली होती. भावाला नाव सुचेना, तेव्हा हिनं आपल्या शाळेतल्या आवडत्या बाईंचं नाव त्याच्या कानात सांगितलं, आणि त्या बदल्यात त्याच्याकडून साडी वसूल केली. "आन् ती बाई तू न्हाईस म्हणतोय व्हय दादा?" ती म्हणाली. "साडी अजून हाय माझ्याकडं. चल, कुठं सांगायचं ते दाव."

"घरी विचार आधी," मी म्हटलं. सख्ख्या भावाविरुद्ध उभं राहायचं होतं, उद्या माहेर तुटलं असतं.

तिचा नवरा दोन हात लांब उभा राहून धोतर पिळत होता. तो म्हणाला, "दत्ताच्या दारात उभी राहून बोललीया, आता घरी काय विचारायचं? उद्या घेऊन येतो कोल्हापूरला."

आणि खरंच आणलं. वकीलसाहेबांनी तिला नियमाप्रमाणं विचारलं की यात कुणाचा दबाव आहे का. "दबाव?" ती म्हणाली. "माझ्यावर? माझ्या दादल्याला इचारा." वकीलसाहेब हसून लेखनिकाला म्हणाले, "घ्या लिहून." तिनं सही केली, वर हौसेनं अंगठाही देऊ का म्हणून विचारलं.

पुढं इंग्लंडातल्या कोर्टानं ते शपथपत्र मानलं आणि हुकूम नोंदवून घेतला. नवऱ्याच्या पगारातून पोटगी सुरू झाली. पहिली रक्कम आली तेव्हा मला तिच्याहून जास्त आनंद सोबतच्या कागदाचा झाला, कारण त्यात माझ्या मुलीचं नाव त्याची मुलगी म्हणून छापलं होतं. मी तो मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं आधी विचारलं, "म्हणजे आता आत्या आपल्याकडे राहायला येणार?" आली की. चार दिवस राहिली, वाडीची बासुंदी घेऊन आली आणि आईच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. तिचं माहेर तुटेल याची मला धास्ती होती, ते वर्षभर तुटलंही. तेव्हा माझी आई तिला म्हणाली, "हे घर काय ओस पडलंय? दिवाळीला हितंच यायचं." तेव्हापासून ती इथंच येते.

त्या गर्दीत नेमकी तीच माझ्या मागे कशी, हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. तिचं गाव जवळ आहे आणि दक्षिणद्वाराला सगळेच येतात, हे मलाही कळतं. मला फक्त एवढं ठाऊक आहे की जिथं जिथं मी पोचू शकत होते तिथं तिथं पोचले होते, आणि ते माणूस मला सापडलं नव्हतं. हात मोकळे केले तेव्हा ते मागून आलं. मी अजूनही पाठपुरावा करते, कामावरही आणि घरीही. तो सोडायला दत्तानं कधी सांगितलं नाही. मात्र मदत कुठल्या दारातून यायची हे त्याच्या वतीनं मी आता ठरवत नाही.