लसणाचे अकरा पत्ते

धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या रक्तपेढीत प्रेमलता बारा वर्षं होती. ताकही फुंकून पिणारी बाई. रक्ताची एक बाटली हातची राखल्याशिवाय ती कधी घरी गेली नाही, आणि त्या बाटलीवर किती जण तरले तेही तिने कुणाला सांगितलं नाही. गुण मोठाच, पण गुण कुठे वापरू नये हेही कळावं लागतं.

लक्ष्मीपूजनाला पेढीत एकाला थांबावं लागे. ती थांबेल की पेढीतले थोरले सहकारी मनोहरराव, हे दोघं पत्त्यांवर ठरवत. खेळ मनोहररावांनीच काढलेला, रक्तपिशाचांचा. रक्त काढणाऱ्यांना दुसरं काय सुचणार! पुठ्ठ्यांवर हाताने काढलेली चित्रं, आणि रक्त म्हणून दोघांकडे दहा-दहा गुंजा. वीस पत्त्यांची गड्डी ज्याची त्याने जमवायची; हवा तो पत्ता वर्षभरात दवाखान्यातल्या कुणाशीही बदलून घ्यायचा. वटवाघूळ फुकट उतरे आणि समोरच्याची एक गुंज पिई. पिशाच उतरवायला आपल्याच सात गुंजा द्याव्या लागत, मग ते समोरच्याच्या सात पिई. लसणाचा पत्ता कुठलाही घाव अडवी. ज्याच्या गुंजा संपतील तो पेढीत थांबे; जेवणाच्या वेळेत डाव संपला नाही, तर सुटी थोरल्याची.

प्रेमलताच्या गड्डीत अकरा लसूण होते. तीन वर्षं ती एकदाही हरली नाही, आणि तिन्ही दिवाळ्या तिने पेढीतच काढल्या.

१९८३च्या दसऱ्याला नरखेडजवळच्या गावाहून आईचं पत्र आलं, शेजारणीने लिहिलेलं. आईला, प्रयागबाईंना, काचबिंदू झाला होता. 'नजर आहे तोवर दिव्यांत तुले पाहू दे वं. पुढच्या वर्षीचं काही खरं नाही.'

तिने वॉर्डातल्या नत्थूभाऊंना गड्डी दाखवली. ते गालात हसले.

"काहून एवढा लसूण भरून ठेवला ताई? लसूण जीव वाचवते, सुटी नाही देत. सहा काढा. पाच वटवाघळं घ्या, अन् माह्याजवळचं हे एक पिशाच. आधी वटवाघळांनी त्यायचा लसूण संपवा, मंग याले उतरवा."

"माझ्या सात गुंजा जातील ना भाऊ!"

"मंग? राखून काय लोणचं घालता?"

डावात वटवाघळांनी मनोहररावांचा लसूण संपवला, वर तीन गुंजाही प्यायल्या. प्रेमलताकडे आठ उरल्या होत्या. त्यातल्या सात तिने एकेक मोजून पुढे सरकवल्या. पिशाच उतरलं, आणि मनोहररावांपुढची जागा रिकामी झाली.

"जबरदस्त खेळली वं!" ते म्हणाले. "जा घरी. मी बसतो."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती एस.टी.तून उतरली. अंगावर नवं पिवळं पातळ होतं. ओट्यावर शेजारणीने पणत्या लावल्या होत्या. हाक ऐकताच आई चाचपडत बाहेर आली, लेकीचा पदर धरून दोन बोटांत चोळून पाहिला.

"मागच्या साली म्या धाडलेलं निळं नेसली ना? भल्लं शोभते वं तुले."

पणत्यांचा उजेड दोघींच्या तोंडावर पडला होता. तीन वर्षं जपून खेळलेल्या प्रेमलताने पिवळा पदर आईच्या बोटांतच राहू दिला.

"हो माय," ती म्हणाली, "निळंच आहे."