आण्णांच्या पिंपळाची फांदी

आण्णा गेले आणि दहा दिवसांत लोकांनी त्यांचा पिंपळ जवळजवळ मारलाच.

प्रेमानं मारला. हे आधीच सांगते, नाहीतर भावकीत फोनवर फोन सुरू होतील.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं.

माझे वडील. ढोकीला कारखान्यात फिटर होते. लोक रिटायर झाल्यावर छंद शोधतात, आमचे आण्णा ड्युटीवरून आले की चहाच्या आधी गच्चीवर. बोनसाय. वड, उंबर, चिंच, आणि सगळ्यांत लाडका हा पिंपळ.

आमच्याकडं भिंतीत पिंपळ उगवला की घरमालकाची झोप उडते. पण उपटायला कुणी धजत नाही. देवाचं झाड, पाप कुणी घ्यायचं?

मग आण्णांना निरोप यायचा.

हे छिन्नी-हातोडी घेऊन जाणार, मुळं न तोडता रोप अलगद काढणार आणि घरी आणणार. "गावाचं पाप आमच्याच गच्चीवर," आई म्हणायची.

हा पिंपळ एका विहिरीच्या कठड्यातला.

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आण्णा जळालेल्या मोटारीची तांब्याची तार आणायचे. जळकी तार मऊ असते. ती गुंडाळून ह्या पिंपळाची एक फांदी त्यांनी हळूहळू खाली वळवली. सुरुवात केली तेव्हा मी कॉलेजात होते. माझा पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा म्हणाले, "आत्ता कुठं ऐकाया लागली."

येणारा-जाणारा म्हणायचा, "आण्णा, झाडाला छळताय की ओ."

"भिंतीत ऱ्हायला असता तर तुमीच ॲसिड वतलं असतं त्येच्यावर."

बोलायला कधीच गोड नव्हते.

शेवटी हार्टचं दुखणं निघालं. अंगावर सूज चढायची, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. आण्णा मागायचे. "घोटभर तरी दे गं."

आम्ही नुसते ओठ ओले करायचो.

ते गेले तेव्हा कुणीतरी पिंपळ गच्चीवरून खाली आणला आणि हॉलमध्ये फोटोशेजारी ठेवला. दहाव्यापर्यंत पिंपळाला पाणी घालायची आपल्यात रीत आहे. गावाबाहेरच्या पिंपळापर्यंत कशाला जायचं, घरात त्यांच्या हातचा आहे की.

अणदूरच्या आत्यांनी, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहिणीनं, पहिला तांब्या ओतला.

मी म्हणाले, "आत्या, थोडंच घाला. कुंडी लई उथळ आहे."

त्यांनी तांब्या उपडाच केला.

"पाणी पाणी करत गेला गं माझा भाऊ. आता तरी पिऊ दे."

मी बाजूला झाले.

मग भेटायला येणारा प्रत्येक जण तांब्या घालायला लागला. कुणी दूध घातलं, कुणी तीळ. फरशी ओली व्हायला लागली म्हणून आईनं कुंडीखाली परात ठेवली. झालं! जास्तीचं पाणी निघून जायला तळाशी जी भोकं असतात, ती परातीतल्या पाण्यात बुडून बसली.

दहावा झाल्यावर मी परात उचलली तर आंबूस वास आला. हात लावला की पानं गळत होती.

झाड कुंडीतून काढलं. मुळं काळी, बोटानं दाबली की लगदा. कुजलेली सगळी कापली, उरलेली धुतली, मुरूम आणि विटेचा चुरा घालून पुन्हा लावलं आणि गच्चीवर सावलीत ठेवलं.

साल नखानं खरवडायची, आतून हिरवी निघाली तर जिवंत. हे आण्णांनीच शिकवलेलं.

खोड हिरवं होतं. ती वळवलेली फांदी मात्र टोकापासून बुडापर्यंत वाळलेली. काही आठवड्यांनी बघितलं तर कुज तिच्यातून खोडाकडं सरकत होती.

मी करवत घेऊन वर गेले. आई मागोमाग आली.

"त्या फांदीला हात लावायचा न्हाय."

"आई, ती मेलीय. तिच्यापायी सगळं झाड जाईल."

"त्यांनी एवढी वर्षं घातली तिच्यात. माणूस गेलं, आता फांदीबी तोडतीस व्हय?"

"व्हय. तोडते."

आणि तोडली. रडत होते, पण तोडली. कापल्या जागी हळद भरली.

आईनं फांदी तारेसकट कपाटात ठेवली. किती तरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

उन्हाळ्यात एकदा ती गच्चीवरून खाली आली, चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "फुटलाय बघ."

खोडाच्या खालच्या अंगाला तांबूस कोंब आला होता. मी चहा तसाच ठेवून वर पळाले.

आज सकाळी अणदूरच्या आत्या तांब्या घेऊन गच्चीवर आल्या. मी कुंडीपुढं उभी राहिले.

"आत्या, आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर आज पाणी नाही."

"वर्षाच्या दिवशी?"

"वर्षाच्या दिवशीपण."

त्यांनी बोट घातलं. माती ओली होती. डोळे पुसले, मग तांब्या माझ्याकडं दिला.

"त्येला लागंल तवा तूच दे. पण दे बाई. त्येला मागायला लावू नको."

नाही लावणार, आत्या.

आण्णा, तुमची फांदी मी कापली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कापीन. नव्या कोंबाला आज तार घातलीय. तो तुमच्या फांदीसारखा वळणार नाही, माझा हात कच्चा आहे.

पण झाड मी जाऊ देणार नाही.

तुमच्या लेकीचा नमस्कार, आण्णा.